डोहाळजेवणातले खेळ आणि बक्षिसे

डोहाळजेवण माहीत नाही अशी मराठी बाई विरळाच. सातव्या महिन्यात लेकीसुनेला हिरवी साडी नेसवायची, फुलांचे दागिने घालायचे, ओटी भरायची, तिच्या आवडीचे पदार्थ पानात वाढायचे आणि मग जमलेल्या बायकांनी गाणी, उखाणे, खेळ यांत संध्याकाळ घालवायची. आपल्या ठाणे-कल्याणकडे आणि डोंबिवलीत अशी संध्याकाळ सदा कोणाच्या ना कोणाच्या घरी, नाहीतर सोसायटीच्या हॉलमध्ये, असतेच. आपल्या मंडळालाही "खेळ घ्यायला या, बक्षिसे काय ठेवू ते सांगा" अशी बोलावणी येतात. म्हणून वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत या खेळांचाच थोडा इतिहास सांगावा असे मनात आले. हे खेळ आले कोठून, ते कोणासाठी होते, आणि आज आपण बक्षीस देतो ते नेमके कशाबद्दल, याचा विचार आपण बायकांनीच करायला हवा.

माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. संस्कृत मला येत नाही. पण आपल्या भागाचे भाग्य असे की कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. वाचायची आवड असली की दुपारचे काम आटोपून जुन्या ग्रंथांतले काय काय आपल्या भाषेत वाचता येते. त्यातून जे समजले ते येथे मांडते.

आधी शब्दच पाहू. डोहाळा हा शब्द संस्कृतातल्या दोहद या शब्दावरून आला. सुश्रुतसंहितेत सांगितले आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय प्रकट होते, म्हणून त्या दिवसांत बाईच्या ठायी दोन हृदये असतात. तिला दौहृदिनी म्हणावे आणि तिला जे हवेसे वाटेल ते द्यावे, कारण ती इच्छा तिची एकटीची नव्हे, पोटातल्या जिवाचीही असते. इच्छा मारली तर मूल व्यंग असलेले होते, असेही त्यात लिहिले आहे. हे शेवटचे आजचे डॉक्टर मानणार नाहीत. पण घरातल्या शेवटच्या पंक्तीला उरलेसुरले खाणाऱ्या बाईला निदान या दिवसांत "तुला काय हवे?" असे विचारलेच पाहिजे, हा दंडक त्या समजुतीने घालून दिला, हे काही थोडे नव्हे.

कालिदासाच्या रघुवंशात दिलीप राजाची राणी सुदक्षिणा हिला माती खाण्याचे डोहाळे लागतात. आपल्याकडेही कितीतरी जणींना भाजलेल्या मातीचा वास हवासा वाटतो, तसेच ते. राणी लाजेने काही बोलत नाही, म्हणून राजा तिच्या सख्यांना पुनःपुन्हा विचारतो की हिला काय हवे आहे ते सांगा. म्हणजे डोहाळा ओळखणे हा मैत्रिणींचा अधिकार फार जुना आहे. त्याच काव्यात पुढे सीतेची गोष्ट येते. गरोदर सीतेने गंगेकाठचे आश्रम पुन्हा पाहायची इच्छा सांगितली, आणि तेच निमित्त करून तिला वनात नेऊन सोडले. डोहाळे पुरवण्याच्या नावाखाली तिच्या मनाविरुद्ध काय घडू शकते, याचे याहून मोठे उदाहरण नाही. डोहाळा विचारायचा तो तिच्यासाठी, आपल्या सोयीसाठी नव्हे.

आता विधींकडे वळू. गरोदरपणातले संस्कार गृह्यसूत्रांत सांगितले आहेत. आश्वलायनाच्या सूत्रात तिसऱ्या महिन्यात पुंसवन येते. पुंसवन म्हणजे मुलगा व्हावा म्हणून केलेला विधी. ओंजळीत दही घ्यायचे, त्यात दोन उडीद आणि जवाचा एक दाणा घालायचा आणि तिला विचारायचे की तू काय पितेस? तिने तीन वेळा उत्तर द्यायचे, पुंसवन. उत्तर आधीच ठरलेले. तिला दुसरे काही म्हणायची मुभाच नाही.

चौथ्या महिन्यात सीमंतोन्नयन. यात कच्च्या फळांचा घोस, साळिंदराचा तीन पांढरे पट्टे असलेला काटा आणि दर्भाच्या काड्या घेऊन नवऱ्याने बायकोच्या केसांचा भांग वर काढायचा. त्याच वेळी वीणा वाजवणाऱ्यांना गायला सांगायचे, आणि ज्या नदीच्या काठी आपली वस्ती असेल त्या नदीचे नाव त्या गाण्यात घ्यायचे. मला हे वाचून फार मौज वाटली. आपण कल्याणकर असे गाणे म्हणू लागलो तर त्यात उल्हास नदीचे नाव यायचे! त्याच सूत्रात शेवटी असेही सांगितले आहे की नवरा आणि मुले हयात असलेल्या वृद्ध ब्राह्मण स्त्रिया जे जे सांगतील ते ते करावे. म्हणजे इतक्या जुन्या पोथीलाही बायकांचा रिवाज मान्य होता. पण कोणत्या बायकांचा, हेही तिने तेथेच ठरवून टाकले होते. त्याकडे पुढे येते.

गोभिलाच्या सूत्रात याच विधीचा आणखी एक भाग आहे. तिळतांदळाच्या शिजवलेल्या अन्नावर तूप घालून ते भांडे तिच्यापुढे ठेवायचे आणि विचारायचे, तुला यात काय दिसते? तिने उत्तर द्यायचे, प्रजा. मग ते अन्न तिने स्वतः खायचे आणि बायकांनी शेजारी बसून शुभ बोलायचे. भगिनींनो, आपले डोहाळजेवण याच्या किती जवळचे आहे पाहा! पुढ्यात अन्न, भोवती बायका, एक प्रश्न आणि एक उत्तर. आणि उत्तर काय, तर प्रजा. मुलगा नव्हे, मुलगी नव्हे, लेकरू. जुन्या ग्रंथांत दोन्ही वाटा होत्या. एकीत तिच्या तोंडून मुलगाच वदवून घेतला, दुसरीत नुसते मूल म्हटले. त्यातली कोणती धरायची, हे आपल्या हातात आहे.

पोथीतले विधी पुढे पुष्कळ घरांत मागे पडले, बायकांचा सोहळा मात्र राहिला. तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता भरायची ती चोरओटी. सातव्यात मोठे डोहाळजेवण. ते बागेतले, मळ्यातले, नावेतले, झोपाळ्यावरचे, चांदण्यातले अशा तऱ्हातऱ्हांनी करतात. नाव नसली तरी पाटाला कागदाची होडी लावायची, चांदणे नसले तरी चंद्रकोर कापून भिंतीवर लावायची. जिला या दिवसांत बाहेर जाता येत नाही तिच्यासाठी बाग, नदी आणि आकाश घरात आणायचे, असा हा हौशीचा खेळ आहे. शिवाय गाणी. जिजाबाईंचे डोहाळे कीर्तनांतून आणि पोवाड्यांतून ऐकत आपण लहानाच्या मोठ्या झालो. घरोघरच्या गाण्यांत मात्र चिंच, कैरी, आवळा, बोरे हेच डोहाळे असतात.

या कौतुकाच्या तळाशी एक भीती होती, ती विसरून चालणार नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्या आज्या म्हणत ते उगीच नव्हे. सातव्यानंतर मुलगी माहेरी जायची, आणि ती हसतखेळत परत येईलच असे कोणीही सांगू शकत नसे. म्हणून जाण्यापूर्वी तिला आवडते ते खाऊ घालायचे, मैत्रिणींत बसवायचे, तिचे मन प्रसन्न करायचे.

याचे आपल्या गावातलेच उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. त्यांचा जन्म १८६५ सालचा, म्हणजे वाचनालय निघाले त्याच्या दुसऱ्याच वर्षीचा. बालपण कल्याणात गेले. नवव्या वर्षी लग्न झाले, चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. वेळेवर उपचार मिळाले असते तर मूल वाचले असते, हे शल्य घेऊन ती मुलगी १८८३ साली एकटी अमेरिकेला गेली आणि १८८६ साली डॉक्टर झाली. तेथे तिने जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. गर्भिणीने कसे राहावे, तिला कसे जपावे, हे आपल्या जुन्या ग्रंथांत काय सांगितले आहे ते तिने परक्या देशातल्या डॉक्टरांपुढे मांडले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती वारली, तेव्हा तिला बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कल्याणात डोहाळजेवण करताना या मुलीची एकदा आठवण काढावी, असे मला नेहमी वाटते.

आज दिवस पालटले आहेत. २०१८ ते २०२० या काळातल्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे मातांचे मृत्यू ३३ होते, तर साऱ्या देशात ९७. दवाखाने, इंजेक्शने, लोहाच्या गोळ्या, रक्तदाब मोजणे यांनी हे साधले. भीती कमी झाली तसा सोहळ्यातला खेळाचा भाग वाढला, हे स्वाभाविकच झाले.

आपल्याकडे सोहळ्याचे ठिकाणही बदलले. रेल्वे १८५३ साली ठाण्याला आणि १८५४ साली कल्याणला आली. पुढे मुंबईच्या नोकरदारांची बिऱ्हाडे इकडे येऊ लागली, आणि नंतर घरातल्या बायकाही गाडीने कामावर जाऊ लागल्या. आता बायकांच्या डब्यातच डोहाळजेवण होते! रोजच्या गाडीतल्या मैत्रिणी डबा फुलांनी सजवतात, ठाणे सुटले की ओटी भरतात, घाटकोपर येईपर्यंत उखाणे होतात आणि दादरला निम्म्या जणी उतरतात. तेथे खेळाला जागा नसते, पण बक्षीस मात्र फार मोलाचे असते. एरवी चौथ्या सीटवर टेकणाऱ्या त्या मुलीला रजा लागेपर्यंत खिडकीची जागा मिळते. ही बाळंतपणाची रजा १९६१ च्या कायद्याने मिळू लागली, आणि २०१७ साली ती १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, हेही नोकरी करणाऱ्या मुलींना माहीत असावे.

अलीकडे डोहाळजेवणात बेबी शॉवरचे खेळ शिरले आहेत. ही मूळची अमेरिकेतली चाल. बाळासाठी लागणाऱ्या वस्तूंचा भेटींच्या रूपाने वर्षाव करायचा, म्हणून ते नाव. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे ती फार पसरली. तिचे खेळ म्हणजे आईच्या पोटाचा घेर किती ते दोऱ्याने ओळखायचे, बाहुलीला लंगोट बांधायचा, बाळाचे वजन किती भरेल याचा अंदाज करायचा. यातले काही चांगले आहेत, ते जरूर घ्यावेत. पोटाचा घेर मोजायचा खेळ मात्र मला आवडत नाही. त्या मुलीला सर्वांसमोर उभे करायचे, दोरा लहान पडला की हसायचे, हे तिला आवडते की नाही, असे तिला आधी कोणी विचारतही नाही.

आता सर्वांत आवडत्या खेळाविषयी, पेढा की बर्फी. दोन वाट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. तिने एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खरे पाहिले तर हा खेळ सारा व्याकरणाचा आहे. आपण तो पेढा म्हणतो आणि ती बर्फी म्हणतो, एवढाच त्याला आधार! मुलगा की मुलगी हे तर पहिल्या दिवशीच ठरून गेलेले असते, ते वाटीखाली कोठून येणार? चार घटकांची गंमत म्हणून खेळला तर काही बिघडत नाही.

पण गंमत गंमत राहत नाही, तेथे दुःख होते. ओळखीच्या एका घरी मी हे पाहिले आहे. सुनेला पहिली मुलगी होती. तिने वाटी उचलली, बर्फी निघाली आणि बोलणेच थांबले. मग कोणीतरी म्हणाले, "असू दे ग, पुन्हा एकदा उचल." तिने हसून पुन्हा उचलली, पण नंतर पानातला भात काही तिच्या घशाखाली उतरेना. ज्या मुलीचे मन प्रसन्न करायला पन्नास बायका जमल्या होत्या, तिलाच त्या वाटीने परीक्षेला बसवले. तिची पहिली लेक मांडीशी बसून सारे ऐकत होती, ते वेगळेच.

हे एका घरापुरते असते तर मी लिहिले नसते. आपल्या राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या. २००१ साली ९१३ झाल्या आणि २०११ साली ८९४. सोनोग्राफीचे यंत्र बाळाची तब्येत पाहण्यासाठी आले, त्याचा उपयोग काहींनी मुलगी नको म्हणून केला. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, सन १९८८. मग १९९४ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला, तो १९९६ पासून लागू झाला आणि २००३ साली अधिक कडक केला गेला. अमेरिकेत २००८ पासून केक कापून मुलगा की मुलगी जाहीर करायची टूम निघाली. तिकडे असलेली आपली मुलेही ती करतात आणि फोनवर चित्रे पाठवतात. इकडे तपासणी करून लिंग सांगणे हा गुन्हा आहे, आणि का आहे ते वरच्या आकड्यांवरून कळते. पेढा-बर्फीने कोणाची मुलगी जात नाही, हे खरे. परंतु पेढ्याला टाळ्या आणि बर्फीला "असू दे", हे ऐकत वाढलेली मुलगी काय शिकते, याचा विचार आपण केला पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी की हा खेळ ठेवायचाच तर दोन्ही वाट्यांखाली पेढाही ठेवावा आणि बर्फीही. कोणतीही उचलली तरी टाळ्या तितक्याच. गोभिलाच्या सूत्रातले उत्तर आपल्याला पुरे आहे.

दुसरी गोष्ट बोलावण्याची. नवरा आणि मुले हयात असलेल्या बायकांनीच पुढे व्हावे, ही चाल त्या जुन्या सूत्रापासून चालत आली. तिच्यापायी घरातली विधवा काकू स्वयंपाकघरात पुऱ्या तळत राहते, आणि जिला मूल झाले नाही ती वहिनी निमित्त सांगून घरीच थांबते. ज्या हातांनी दहा जणींची बाळंतपणे काढली, तेल लावून बाळे न्हाऊ घातली, त्यांनी ओटीत नारळ का घालू नये? आपल्या मंडळाने खेळ घेताना तरी बोलावणे सगळ्यांना, असा नियम ठेवावा. खेळात पहिला मान वयाने सर्वांत मोठ्या बाईचा असावा, मग ती कोणी का असेना.

आता खेळ कोणते घ्यावेत आणि बक्षिसे काय द्यावीत, ते थोडक्यात सांगते.

डोहाळे ओळखणे. तिने आपल्याला हवेसे वाटणारे पाच पदार्थ आधी चिठ्ठीवर लिहून ठेवावेत. बायकांनी ओळखावेत. जी जास्त ओळखील तिला गजरा, आणि तिनेच त्यातला एक पदार्थ आठ दिवसांत करून त्या मुलीच्या घरी पोचवायचा. म्हणजे बक्षीस दोघींना.

वासावरून ओळखणे. लहान डब्यांत सुंठ, जायफळ, वेखंड, मुरुडशेंग, ज्येष्ठमध, ओवा, बाळंतशेपा असे जिन्नस ठेवावेत आणि डोळे मिटून ओळखायला सांगावे. यात आज्या हमखास जिंकतात आणि तरुण मुलींना चार नावे समजतात. मात्र बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. तेव्हा हे जिन्नस खेळापुरतेच. बक्षीस मसाल्याचा छोटा डबा.

दुपटे गुंडाळणे. बाहुलीला दुपट्यात नीट कोण गुंडाळते ते पाहावे. हा खेळ होणाऱ्या बाबांना आणि काकांनाही द्यावा. हसून हसून पुरेवाट होते आणि पुढे उपयोगही पडतो. बक्षीस बाळाचे झबले, म्हणजे ते बाळाकडेच राहते.

वजनाचा अंदाज. प्रत्येकीने चिठ्ठी टाकावी आणि त्या बारशाला उघडाव्यात. अडीच किलोच्या खाली वजन असले तर बाळाला अधिक जपावे लागते, एवढी माहिती चिठ्ठ्या वाटताना द्यावी.

उखाणे आणि गाणी तर हवीतच. उखाणा नवऱ्याच्याच नावाचा हवा असे नाही. आईचा, सासूबाईंचा, शिकवणाऱ्या बाईंचा घ्यावा. आणि खेळ कितीही असोत, तासाभरात आटपावेत. त्या मुलीचे पाय सुजलेले असतात, तिला पाठीशी लोड द्यावा आणि उभे राहायला लावू नये.

पहिले बक्षीस नेहमी तिचे. खेळात ती हरली तरी तिचेच.

शेवटी एक विनंती. आपल्याच जिल्ह्यात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर अशा बायका आहेत की ज्यांचा डोहाळा म्हणजे दोन वेळचे पोटभर जेवण. सरकारने १९७५ साली अंगणवाड्यांची योजना सुरू केली. २०१५ पासून आदिवासी भागातल्या गरोदर बायकांना एक वेळचे चौरस जेवण देण्याची अमृत आहार योजना निघाली. २०१८ साली पोषण अभियान आले, आणि अंगणवाड्यांत सेविकाताई ओटी भरून डोहाळजेवणही करू लागल्या. आपण हॉल, फुले आणि बक्षिसे यांवर जो खर्च करतो, त्यातला थोडा वाटा दर वेळी बाजूला काढला तर वर्षाअखेर एखाद्या अंगणवाडीत पाचदहा जणींचे डोहाळजेवण आपल्या मंडळाला करता येईल. शेंगदाण्याचे लाडू, गूळ, खजूर, हिरव्या बांगड्या आणि तासभर हसणेखेळणे, याला काही फार लागत नाही. येत्या वर्षी हे काम मंडळाने हाती घ्यावे, असे मी सुचवते. तेथे खेळ घ्यायला मी स्वतः येईन, आणि लाडवांचा एक डबा माझ्याकडून.